पायलट का व्हायचंय, ते आधी विचारा

या सत्रात मधल्या वर्गाला आम्ही 'मोठेपणी मी कोण होणार?' हा निबंध घातला होता. विषय जुनापुराणा आहे, मान्य. तुम्ही-आम्ही सगळ्यांनीच तो शाळेत लिहिला, आणि त्यात लिहिलेलं काहीही न होता इथे येऊन पोहोचलो. पण मुलांना भविष्यकाळ शिकवायचा तर याहून सोपा विषय सापडत नाही. 'होईन, करीन, जाईन' यांचा भरपूर सराव होतो. एकूण चौदा निबंध आले. डॉक्टर तीन, फुटबॉल खेळणारे दोन, एकाला मोठेपणी थेट 'रिटायर' व्हायचं आहे (त्याचा निबंध याच अंकात छापला आहे, जरूर वाचा), बाकी किरकोळ. आणि पाच जणांना पायलट व्हायचं आहे. तीन मुलगे, दोन मुली.

निबंध शुद्धलेखनासाठी घरी पाठवले होते. आईबाबांच्या मदतीनं चुका सुधारून, स्वच्छ अक्षरात लिहून आणा, असं सांगितलं होतं. पुढच्या रविवारी कागद परत आले तेव्हा पायलट तीनच उरले होते! दोन निबंधांत 'पायलट' खोडून वर मोठ्या माणसाच्या अक्षरात 'डॉक्टर' लिहिलेलं होतं. त्यांतल्या एकात खाली दुरुस्ती करायची राहून गेली, त्यामुळे ते डॉक्टर धावपट्टीवरून जोरात पळतात आणि ढगात शिरतात.

आम्ही शिकवणारी मंडळी यावर आधी पुष्कळ हसलो. मग चहा पिताना जरा गंभीर झालो. ऱ्हस्वदीर्घ सुधारा असं आम्ही सांगितलं होतं, इच्छा सुधारायला सांगितलं नव्हतं. कोणाच्या घरात काय बोलणं झालं ते आम्हांला ठाऊक नाही, आणि हा लेख त्या दोन घरांसाठी मुळीच नाही. पण पायलट व्हायचंय असं मूल म्हणालं की आपल्या मंडळींत काय उत्तर मिळतं, हे आम्ही सगळेच ओळखून आहोत. 'म्हणजे आकाशातला ड्रायव्हरच ना?' 'आधी चांगलं शिक, मग छंद म्हणून उडव.' 'विमान तर हल्ली कॉम्प्युटरच चालवतो.' आमचं मत असं, की या तिन्ही उत्तरांत मुलाला साधा एक प्रश्न विचारायचा राहून जातो. का? पायलटच का व्हायचंय तुला?

वर्गात आम्ही तो विचारला. एकाला ढग वरून बघायचे आहेत. एकीला इतकी सगळी बटणं कशाची असतात ते जाणून घ्यायचं आहे. एकाला गणवेश आवडतो, त्यावरच्या सोनेरी पट्ट्यांसकट. आणि दोघांनी अगदी वेगवेगळ्या शब्दांत एकच कारण दिलं: पायलट झालं तर आजीकडे कधीही जाता येईल, तिकिटाचे पैसे पडणार नाहीत.

हे शेवटचं कारण ऐकून आमच्यातल्या दोघीतिघींना पुढे बोलता येईना. इथल्या शेजारच्या मुलाला विमान म्हणजे सुट्टीची मजा. आपल्या मुलांना विमान म्हणजे आजी-आजोबांकडे जाण्याचा एकमेव रस्ता. बॅगांचं वजन करणं, लोणच्याच्या बरण्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळणं, विमानतळावर काचेपलीकडे हात हलवणारी माणसं, आणि कधीतरी रात्री फोन आला म्हणून बाबांनी एकट्यानंच घाईनं निघून जाणं, हे सगळं त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं आहे. ज्या घरात विमानाला एवढं महत्त्व आहे, त्या घरातल्या मुलाला ते चालवणाऱ्या माणसासारखं व्हावंसं वाटलं तर नवल ते काय? नवल वाटायचंच तर आपण मोठी माणसं त्याला 'ड्रायव्हर' म्हणतो याचं वाटावं.

माणसं वैमानिक का होतात, याचं एकच उत्तर नाही. काही खऱ्या माणसांकडे पाहू.

जे. आर. डी. टाटांपासून सुरुवात करणं भाग आहे. त्यांचा जन्म १९०४ चा, पॅरिसमधला. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर आर्देलो नावाच्या गावी टाटा कुटुंब सुट्टीत राहायला जात असे, आणि तिथे त्यांचे शेजारी कोण, तर लुई ब्लेरिओ. १९०९ मध्ये इंग्लिश खाडी विमानानं पहिल्यांदा ओलांडणारे तेच हे ब्लेरिओ. म्हणजे आपल्या मुलांना जशी शेजारच्या अंगणात सायकल दिसते, तशी या मुलाला विमानं दिसली. पंधराव्या वर्षी तिथेच तो पहिल्यांदा विमानात बसला आणि त्यानं ठरवून टाकलं. ठरवलं खरं, पण पुढे नऊ वर्षं वाट पाहावी लागली, कारण शिकणार कुठे? मुंबईत फ्लाइंग क्लब निघाला तेव्हा टाटा तिथे जाऊन थडकले, आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिला परवाना. त्यावर आकडा होता १.

पुढची गोष्ट मुलांना आम्ही वर्गात सांगितली तेव्हा सगळ्यांत जास्त आवडली. १९३० मध्ये आगाखानांनी बक्षीस लावलं: इंग्लंड ते हिंदुस्थान किंवा उलट दिशेनं, एकट्यानं विमान नेणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला पाचशे पौंड. टाटा कराचीहून निघाले. समोरून, इंग्लंडहून, अस्पी इंजिनिअर नावाचा सतरा वर्षांचा पोरगा निघाला होता. सतरा वर्षांचा! इजिप्तमध्ये अबुकीर इथे टाटा उतरले तर हा मुलगा तिथे अडकून पडलेला. इंजिनाचा स्पार्क प्लग गेला होता आणि जवळ दुसरा नव्हता. टाटांनी आपल्याजवळचा जादा प्लग त्याला देऊन टाकला. दोघेही आपापल्या दिशेला उडाले, आणि शर्यत अस्पीनं जिंकली. पुढे हेच अस्पी इंजिनिअर भारताच्या हवाई दलाचे प्रमुख झाले. बक्षिसासाठीच उडणारा माणूस असा प्लग देईल का, हे आम्ही मुलांना विचारलं. एक मुलगा म्हणाला, "पण तो अडकला होता ना!" त्याला प्रश्नच कळला नाही, आणि ते बरंच झालं.

मग १५ ऑक्टोबर १९३२. कराचीच्या विमानतळावरून एका इंजिनाच्या छोट्या 'पस मॉथ' विमानात सुमारे पंचवीस किलो टपाल घेऊन टाटा निघाले, अहमदाबादला थांबले आणि जुहूला उतरले. तिथून पुढे मद्रासपर्यंत त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट टपाल घेऊन गेले. विमानात रेडिओ नाही, वाट दाखवणारं यंत्र नाही. पावसाळ्यात जुहूच्या मैदानाचा चिखल होई, म्हणून मुक्काम पुण्याला हलवावा लागे. यातूनच पुढे एअर इंडिया उभी राहिली. आणि बरोबर पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, टाटांनी कराची ते जुहू हाच प्रवास जुन्या 'लेपर्ड मॉथ' विमानातून पुन्हा केला. एवढ्या मोठ्या उद्योगाच्या मालकाला हे करायची काय गरज होती? गरज काहीच नव्हती. पंधराव्या वर्षी लागलेलं वेड अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी टिकून होतं, एवढंच.

(इथे कुणीतरी काका नक्की विचारतील, आपले शिवकर बापूजी तळपदे कसे विसरलात? १८९५ साली चौपाटीवर त्यांनी राइट बंधूंच्याही आधी विमान उडवलं, असं आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. तळपदे खरे होते, त्यांचा विमानाचा ध्यासही खरा होता. पण ते विमान उडाल्याचा खात्रीचा पुरावा मिळालेला नाही, आणि ज्या ग्रंथाचा हवाला नेहमी दिला जातो त्या 'वैमानिक शास्त्रा'तल्या आकृत्या तपासून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये ती विमानं उडणारी नव्हेत असं सांगितलं. मुलांनी इथल्या शाळेत जाऊन राइट बंधूंवरून भांडू नये म्हणून हे लिहिलं. मुंबईतला एक कलाशिक्षक त्या काळात आकाशात उडण्याचा विचार करत होता, एवढा अभिमान पुरेसा आहे.)

टाटांच्या घरी पैसा होता, हे खरं. तेव्हा उलट टोकाचं उदाहरण घेऊ. बेसी कोलमन १८९२ मध्ये टेक्ससमध्ये जन्मली. कृष्णवर्णीय कुटुंब, शेतात कापूस वेचणारं. मोठी झाल्यावर ती शिकागोला आली आणि न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाइकांची नखं कापून रंगवण्याचं काम करू लागली. तिचा भाऊ पहिल्या महायुद्धात फ्रान्सला जाऊन आला होता. तो तिला चिडवायचा, की तिकडच्या बायका विमानं चालवतात, तुला ते जमायचं नाही. बेसीनं मनावर घेतलं. अमेरिकेत एकही शाळा तिला घेईना. एक तर बाई, त्यात काळी. मग तिनं काय केलं? ती फ्रेंच शिकली! रोजचं काम सांभाळून, फ्रेंच शिकून, फ्रान्सला गेली आणि जून १९२१ मध्ये परवाना घेऊन आली. पुढे ती विमानाच्या कसरती करून दाखवू लागली, तेव्हा काळ्या प्रेक्षकांना वेगळ्या दारातून आत घेणार असाल तर मी उडणार नाही, असं ती आयोजकांना ठणकावून सांगायची. स्वतःच्या लोकांसाठी विमानाची शाळा काढायचं तिच्या मनात होतं. ते राहून गेलं, कारण १९२६ मध्ये सरावाच्या उड्डाणात ती गेली. चौतीस वर्षांची होती.

दर रविवारी 'मला मराठी शिकून काय उपयोग?' असं विचारणाऱ्या आमच्या काही लाडक्या विद्यार्थ्यांनी बेसीबाईंच्या फ्रेंचकडे लक्ष द्यावं. कुठली भाषा कुठे दार उघडेल ते आधी सांगता येत नाही.

आणि मुलींच्या आयांनो, तुमच्यासाठी एक गंमत. निबंधातून पायलट गायब झाला त्या दोन्ही निबंध मुलींचे होते. आपल्याला वाटतं की इथे अमेरिकेत मुलींना सगळं मोकळं आणि तिकडे भारतात बंधनं. या एका बाबतीत गाडी उलटी आहे. भारतातल्या वैमानिकांमध्ये स्त्रियांचं प्रमाण बारा ते पंधरा टक्क्यांच्या घरात सांगितलं जातं. अमेरिकेतल्या विमान कंपन्यांच्या वैमानिकांत ते पाच-सहा टक्क्यांच्या आसपास आहे. आपल्या कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी तर १९८५ मध्येच कलकत्ता ते सिल्चर असं प्रवासी विमान नेलं, आणि त्या विमानात वैमानिकांपासून हवाई सुंदरींपर्यंत सगळ्या बायका होत्या. तुम्ही स्वतः भारतात शाळेत होतात तेव्हाची ही गोष्ट, तिथून इथे येताना ती कुठे सांडली कोण जाणे.

आता पैशाकडे वळू, कारण पालकांचा खरा प्रश्न तिथे आहे, आणि तो आम्ही चुकीचा मानत नाही.

हडसन नदीवर विमान उतरवणारे कॅप्टन सलेनबर्गर तुम्हां सर्वांना माहीत आहेत. १५ जानेवारी २००९. न्यूयॉर्कच्या लागार्डियाहून विमान उडालं, रानबदकं दोन्ही इंजिनांत शिरली, आणि साधारण साडेतीन मिनिटांत त्यांनी विमान नदीवर उतरवलं. १५५ च्या १५५ माणसं वाचली. वर्गातल्या मुलांनी यावरचा सिनेमा पाहिलेला आहे. पण त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत हेच कॅप्टन अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे उभे राहिले आणि काय बोलले, ते मुलांना ठाऊक नसतं. त्यांनी सांगितलं, की माझा पगार चाळीस टक्क्यांनी कापला गेला, पेन्शन बुडालं, आणि आपल्या मुलांनी या धंद्यात यावं असं वाटणारा एकही वैमानिक माझ्या ओळखीचा नाही. सगळं जग ज्याला डोक्यावर घेत होतं, तो माणूस हे सांगत होता.

त्याच सुमाराला, १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री, नूअर्कहून निघालेलं एक छोटं प्रवासी विमान बफेलोजवळ पडलं आणि पन्नास माणसं गेली. विमानाचा वेग कमी पडल्याचा इशारा मिळाला तेव्हा कप्तानानं जे करायला हवं होतं त्याच्या नेमकं उलट केलं. चौकशीत आणखीही गोष्टी पुढे आल्या. सहवैमानिक तरुणी आदल्या रात्री सिअॅटलहून, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाहून, रात्रभर प्रवास करून कामावर आली होती. अशा छोट्या कंपन्यांत नव्या सहवैमानिकाला तेव्हा वर्षाला वीस हजार डॉलरच्या आसपास मिळत. त्यात नूअर्कजवळ खोली घेऊन राहणं परवडणारं नव्हतं. या अपघातानंतर कायदा बदलला, आणि २०१३ पासून अमेरिकेत प्रवासी विमान कंपनीत सहवैमानिक व्हायलाही साधारण पंधराशे तासांच्या उड्डाणाचा अनुभव लागू लागला. भारतात व्यावसायिक परवान्याला दोनशे तास लागतात, त्यावरून या आकड्याचं वजन कळेल.

मग आज काय परिस्थिती आहे? पार बदललेली. २०२० च्या साथीत विमानं जमिनीवर बसली, अनेक अनुभवी वैमानिकांनी लवकर निवृत्ती घेतली, आणि विमानं पुन्हा उडू लागली तेव्हा माणसं कमी पडली. २०२३ मध्ये एका मोठ्या कंपनीच्या करारात वैमानिकांना चार वर्षांत मिळून चौतीस टक्के वाढ मिळाली. छोट्या कंपन्यांचे पगारही कुठच्या कुठे गेले. आता काही पालक उलट बाजूनं विचारू लागले आहेत, की पायलटला चांगलं मिळतं म्हणे, मुलाला घालू का?

आमचं म्हणणं, 'घालू' नका. २००१ मध्ये या धंद्यात लोक रस्त्यावर आले, २००८ मध्ये आले, २०२० मध्ये आले. मधल्या काळात पगार वाढले. आज बारा वर्षांचं असलेलं मूल तेविसाव्या वर्षी मोठ्या विमानाच्या परवान्याला पात्र होईल, तेव्हा हा पाळणा वर असेल की खाली, हे कुठलाही काका छातीठोक सांगू शकत नाही. पगाराकडे बघून पायलट होणारा माणूस पगार कापला की कडू होतो, आणि पगाराकडे बघून नकार देणारा पालक दहा वर्षांनी हळहळतो. प्रशिक्षणाचा खर्च मात्र आजचाच असतो. शून्यापासून व्यावसायिक परवान्यापर्यंत इथे लाख डॉलरच्या आसपास, कधी त्याहून जास्त. बहुतेक मुलं कर्ज काढतात. हे आकडे मुलांपासून लपवू नयेत. नववी-दहावीतल्या मुलाला कर्जाचा हप्ता कळतो, आपल्याला वाटतं त्यापेक्षा चांगला कळतो.

'विमान कॉम्प्युटरच चालवतो' हे म्हणणाऱ्या मंडळींत सॉफ्टवेअरवाले सर्वांत जास्त आहेत. तुमच्या स्वतःच्या नोकरीबद्दल कॉम्प्युटर हल्ली काय बोलतो आहे, ते आधी बघा, असं आम्ही थोडं खट्याळपणे म्हणू. पण खरं उत्तरही आहे. नेहमीचं प्रवासी विमान धावपट्टीवरून वर उचलतो तो माणूसच. नंतर ऑटोपायलट दिशा, उंची, वेग राखतो. समोर वादळ आहे, वळसा घालायचा की परत फिरायचं, इंधन किती उरेल, आजारी प्रवाशासाठी मध्येच उतरायचं का, हे ठरवणं राहतंच. आणि कॉकपिटमध्ये दोन वैमानिक असतात, ते एकमेकांची चूक धरण्यासाठी. एक विमान चालवतो, दुसरा त्याच्यावर नजर ठेवतो. १९७७ मध्ये टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळून ५८३ माणसं मेली. कप्तान निघण्याची घाई करत होता, हाताखालच्यांना शंका आली होती, पण त्यांना ती ठामपणे सांगता आली नाही. त्या अपघातानंतर जगभर वैमानिकांना मुद्दाम शिकवू लागले, की धाकट्यानं बोलायचं आणि थोरल्यानं ऐकायचं. आपल्या घरांमध्ये 'मोठ्यांना उलट बोलू नये' हे शिकवलं जातं. कॉकपिटमध्ये वेळेला उलट न बोलणं हा गुन्हा आहे! पायलट होऊ इच्छिणाऱ्या मुलांनी हा मुद्दा घरी जपून वापरावा.

मुलांनो, आता तुमच्याशी. ढग सुंदर दिसतात हे कारण चांगलं आहे, पण ते पुरणार नाही. या कामाचा मोठा भाग म्हणजे तीच ती गोष्ट तितक्याच काळजीनं करणं. विमान कालच उडवलेलं असो, आज पुन्हा त्याच्याभोवती फिरून चाकं, पंख, इंजिनं पाहायची. यादी मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. कितीही पाठ असली तरी वाचायचीच. दर काही महिन्यांनी नकली कॉकपिटमध्ये बसून परीक्षा, त्यात इंजिन बंद पडणार, धूर येणार, आणि ती परीक्षा पुढे आयुष्यभर. डॉक्टरी तपासणी चाळिशीपर्यंत वर्षाला एकदा, नंतर सहा महिन्यांनी. चष्मा चालतो, त्याची भीती नको. पण एखादा आजार निघाला तर नोकरी जाऊ शकते. सलेनबर्गर सोळाव्या वर्षी विमान शिकायला लागले आणि हडसनची ती साडेतीन मिनिटं आली तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते. मधली एक्केचाळीस वर्षं काही घडलं नाही, म्हणजेच त्यांनी काम नीट केलं. ज्याला तोच पाढा शंभराव्यांदाही बरोबर म्हणायला आवडतो, त्याला हे काम शोभेल. आणि ज्याला शुद्धलेखनाच्या दहा ओळी लिहायच्याही जिवावर येतात, त्यानं... असो.

आजीकडे जाण्याच्या कारणाबद्दल खरं सांगायला हवं. विमान कंपनीत सगळं ज्येष्ठतेच्या यादीवर चालतं. कोणता मार्ग, कोणती सुट्टी, कोणतं विमान, ज्याचा नंबर वर तो आधी निवडतो. नवा वैमानिक यादीत तळाला. म्हणजे पहिली कित्येक वर्षं दिवाळी, नाताळ, भावाचं लग्न, सगळं हुकणार. कधी मुंबईचा फेरा मिळालाच तर चोवीस तास हॉटेलात, त्यातले दहा झोपेत, आणि आजी असणार साताऱ्याला. घरच्यांना मोफत किंवा स्वस्त तिकिटं मिळतात हे खरं, पण विमानात जागा उरली तर.

भीतीबद्दल बोललो नाही तर लेख खोटा होईल. जून २०२५ मध्ये अहमदाबादला लंडनचं विमान पडलं. आतल्या २४२ माणसांपैकी एकच वाचला. आपल्यासारखीच माणसं, आपल्यासारखीच सामानाची बांधाबांध करून निघालेली. त्यानंतर आपल्यातल्या कुठल्याही आईला पायलट हा शब्द ऐकून पोटात गोळा आला तर तिला आकडे सांगून गप्प करणं आम्हांला जमणार नाही. तरी आकडा एक सांगतो, गप्प करायला नव्हे. २०२२ या एका वर्षात अमेरिकेच्या रस्त्यांवर बेचाळीस हजारांवर माणसं मेली. आणि सोळाव्या वर्षी गाडीची किल्ली आपण मुलांच्या हातात देतोच. देताना पोटात गोळा येतो, तरी देतो, कारण शेजारपाजारचे सगळे देतात.

'आधी चांगलं शिक' या उत्तराशी आमचं फारसं भांडण नाही. डोळ्याला, कानाला, हृदयाला काही झालं तर दुसरं काहीतरी हाताशी असावं, म्हणून पदवी घ्यावीच. फक्त ते टाळण्याचं साधन नसावं. यादीतल्या नंबरावर सगळं अवलंबून असल्यामुळे उशिरा सुरुवात केली तर ती वर्षं भरून येत नाहीत. दोन्ही एकत्र करता येतं. कर्नालची कल्पना चावला विमानांचं अभियांत्रिकी शिकली, डॉक्टरेट केली, आणि त्याच्याच जोडीला विमान, समुद्रावर उतरणारं विमान आणि ग्लायडर चालवण्याचे परवाने मिळवले, इतरांना शिकवण्याचासुद्धा. घरच्यांनी मुलीला डॉक्टर हो म्हटलं असतं तर तेही झालं असतंच म्हणा, तेव्हा पीएचडीचं 'डॉक्टर' चालत असेल तर दोन्ही पक्ष खूश.

तेव्हा पालकहो, एवढं करा. मुलाला 'का?' विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. गणवेश हे उत्तर आलं तरी हसू नका. मग जवळच्या छोट्या विमानतळावर जा. मोठ्या नव्हे, जिथे एका इंजिनाची विमानं असतात तिथे. कुंपणाबाहेर तासभर उभे राहिलात तरी पुष्कळ कळतं. १९९२ पासून इथे 'यंग ईगल्स' नावाचा उपक्रम चालू आहे. छोट्या विमानांचे हौशी मालक आठ ते सतरा वर्षांच्या मुलांना एकदा फुकट फिरवून आणतात, आधी विमान दाखवतात, नकाशा समजावून देतात. आतापर्यंत वीस लाखांहून जास्त मुलं अशी उडाली आहेत. त्यानंतरही वेड टिकलं तर शाळेत पहिला धडा दीड-दोनशे डॉलरमध्ये घेता येतो. सोळाव्या वर्षी एकट्यानं उडवायची परवानगी मिळू शकते, सतराव्या वर्षी खासगी परवाना. आणि पहिल्याच फेरीत पोट ढवळून मुलगा म्हणाला की नको, तर लाख डॉलर वाचले. हा हिशेब बाबांना पटावा.

ज्यांना यंग ईगल्सला मुलं न्यायची असतील त्यांनी चहाच्या टेबलावर ठेवलेल्या कागदावर नाव लिहावं. पाचही निबंधकारांची जागा आम्ही राखून ठेवली आहे, दोन्ही 'डॉक्टरां'सकट. आईबाबांपैकी एकाची सही लागते, सोबत यावं लागतं, आणि हवा खराब असली तर फेरी रद्द होते, तेव्हा मुलांनी रडायचं नाही. फेऱ्या बहुधा शनिवारी सकाळी असतात. रविवारी ठेवू नका असं आम्ही आधीच सांगून ठेवलं आहे, कारण रविवारी मराठीचा वर्ग आहे.